सोळा इंचाला एक पीळ

पहिली गोळी आडवी लागली.
कागदावर गोल भोक नाही,
चिंचोक्याएवढी चीर, कुशीवर झोपलेली.
दुसरी तीन बोटं डावीकडे, तीही कुशीवर.
तिसरी कागदातच नाही.

जालन्याबाहेर, बंद पडलेल्या खदानीत आमची रेंज.
पन्नास मीटर, मागे मुरमाचा ढिगारा,
आणि मार्चचं ऊन, अकरालाच पांढरं.
मी श्वास तपासला, पट्टा तपासला.
भुजंग म्हणाला होता, जड गोळी घे, वाऱ्याला बधत नाही.
मुथा शेठनं परवान्यावर नोंद करून
पन्नासची पेटी दिली, परत न घेण्याच्या बोलीवर.

दस्तगीरचाचा एसआरपीत आरमोरर होते.
त्यांनी कागद उन्हाकडे धरला
आणि चिरीतून एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं.
"नेम नाही चुकला तुझा.
गोळी लोळायलीय."

बोल्ट काढला. नळी रिकामी आहे हे दोनदा पाहिलं.
गजाला घट्ट चिंधी गुंडाळली,
पेननं त्यावर एक रेघ ओढली,
आणि लोटला आत, हळू, फार हळू.
गज त्यांच्या मुठीत आपसूक वळू लागला,
पलीकडून कुणी धरल्यासारखा.
रेघ वर होती, कडेला गेली, दिसेनाशी झाली.
पुन्हा वर आली तेव्हा त्यांनी टेप लावला.
"सोळा इंचाला एक पीळ.
हिला चाळीस ग्रेनची सवय.
तू साठची भरवायलीस."
ग्रेन म्हणजे दाणाच ना, मी विचारलं.
"असंल. साहेबाच्या मुलखातला."

सोमवारी लॅबमध्ये,
जिथं मी दिवसभर चिमट्यानं मोजून
हजार दाण्यांचं वजन काढते,
दारू काढलेलं ते शिसं तराजूत ठेवलं.
समोर मालदांडी ज्वारी, एकेक.
चाळीसवाली: पंच्याहत्तर दाणे.
साठवाली: एकशे अकरा, वर एक किडका.
मग फूटपट्टी लावली आणि थबकले.
जाडी दोघींची तीच.
वाढलेलं सगळं वजन लांबीत गेलं होतं.

"हां," रविवारी चाचा म्हणाले,
"नळीचं तोंड ठरलेलं, जाड होणार कशी?
वजन नको बघू, लांबी बघ.
बुटका भोवरा थोडक्या फिरकीवर उभा राहतो,
उंचाला झटका जोराचा लागतो.
साठला नऊ इंचाचा पीळ पाहिजे."
मग पीळ वाढवता येतो का?
"सुंभ जळला तरी जात नाही, तो पीळ.
नळी बदल, नाहीतर गोळी बदल.
लोक दोन्ही करत नाहीत, नेमाला शिव्या देतात."

थोडा वेळ चिंधीच्या घड्या घातल्या त्यांनी.
"हिंगोलीच्या कॅम्पात पिराजी म्हणून एक पोरगं होतं.
कुठूनतरी लांब गोळ्यांच्या पेट्या आल्या,
त्याचीच रांग आडवी पडायची.
आठ दिवस पाठीवर पिठ्ठू घेऊन पळवलं त्याला.
मला तिसऱ्या दिवशीच कळलं,
पेटीवरचा आकडा वाचला होता मी."
आणि सांगितलं?
"चौदाव्या दिवशी.
तोवर त्याला रायफल हातात घेववत नव्हती."

मी काही बोलले नाही.
ढिगाऱ्यावर एक चिमणी मुरूम उडवत अंघोळ करत होती,
ती उठेपर्यंत आम्ही थांबलो.

मग चाळीसची पेटी.
पाच गोळ्या, पाच गोल भोकं,
सगळी एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी.
चाचांनी शाबास म्हटलं नाही.
वहीत नळीचा नंबर लिहिला,
पुढं सोळा, पुढं चाळीस,
आणि मला ते मोठ्यानं वाचायला लावलं.

साठच्या सत्तेचाळीस गोळ्या अजून कपाटात आहेत, कुलपात.
रेंजच्या फळ्यावर मी खडूनं लिहून ठेवलंय:
नऊ इंच पिळाची नळी कुणाकडं असेल
तर कळवावं.